हायब्रिड एक्सचेंज पुन्हा पुन्हा का बिघडते, आणि कॉन्फिगरेशन रीसेट करताना नेमके काय पुसायचे

कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्याची मांडणी घ्या. हिशेब, स्टोअर आणि गेटपासचे मेलबॉक्स कारखान्यातल्या एक्सचेंज (मायक्रोसॉफ्टची मेल प्रणाली) सर्व्हरवर आहेत. पुण्याचे विक्री कार्यालय आणि फिरतीवरची माणसे मायक्रोसॉफ्ट ३६५ वर, म्हणजे क्लाउडमध्ये. डोमेन दोन्हीकडे एकच. या दुहेरी मांडणीलाच हायब्रिड म्हणतात. अशा ठिकाणच्या तक्रारी ठरलेल्या असतात. स्टोअरने पाठवलेला मेल पुण्यात जंकमध्ये जाऊन पडतो. मीटिंग लावताना समोरच्याच्या वेळेवर नुसत्या तिरक्या रेघा दिसतात. मीटिंग रूम बुकिंग स्वीकारत नाही. मग 'हायब्रिड रीसेट करून टाकू' असे ठरते, रिमूव्ह-हायब्रिडकॉन्फिगरेशन ही आज्ञा दिली जाते, ही जोडणी उभी करणारा विझार्ड (एचसीडब्ल्यू) पुन्हा फिरवला जातो. काही महिने बरे जातात आणि परत तेच.

परत तेच होते कारण ही आज्ञा रीसेट करतच नाही. ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (वापरकर्ते आणि सर्व्हर यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत) हायब्रिड कॉन्फिगरेशन नावाचे एक ऑब्जेक्ट असते, तेवढेच ती पुसते. मागच्या वेळी विझार्डला कोणती डोमेन, कोणते सर्व्हर आणि कोणते सर्टिफिकेट सांगितले होते, याची ती नोंद. त्या नोंदीवरून विझार्डने जे उभे केले, ते सगळे जागेवरच राहते: मेलची वाट ठरवणारे कनेक्टर (कारखान्याकडचा सेंड कनेक्टर, क्लाउडमधले इनबाउंड-आउटबाउंड कनेक्टर), कॅलेंडरसाठीचे दोन्हीकडचे ऑर्गनायझेशन रिलेशनशिप आणि इंट्राऑर्गनायझेशन कनेक्टर, ओऑथची (टोकन दाखवून ओळख पटवण्याची) जोडणी, मेलबॉक्स हलवण्यासाठीचा मायग्रेशन एंडपॉइंट. दोष यातल्या एखाद्यात असेल तर नोंद दहा वेळा पुसली तरी तो हलत नाही.

म्हणून आधी कोणता धागा तुटला ते पाहा. मेलची ये-जा, कॅलेंडर आणि मेलबॉक्स हलवणे हे तीन धागे बरेचसे वेगळे चालतात. पूर्ण रीसेट क्वचितच लागतो.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, त्या रोमन अक्षरांतच टाकायच्या.)

मेलची ये-जा: सर्टिफिकेटपासून सुरुवात करा

जंकमध्ये गेलेल्या एका मेलचे हेडर उघडा आणि 'एक्स-एमएस-एक्सचेंज-ऑर्गनायझेशन-ऑथॲज' ही ओळ शोधा. तिथे 'इंटर्नल' असेल तर हायब्रिडची जोडणी ठीक आहे, दोषाचे कारण दुसरीकडे शोधा. 'ॲनॉनिमस' असेल तर क्लाउडने तुमच्याच सर्व्हरला परका धरले आहे. रूमने बुकिंग नाकारणे, ग्रुपला पाठवलेला मेल ५.७.१३३ कोड घेऊन परत येणे, घरच्याच माणसाच्या मेलवर 'बाहेरून आलेला' असा शिक्का बसणे, ही सगळी एकाच दुखण्याची लक्षणे आहेत.

क्लाउड तुमचा सर्व्हर ओळखतो तो टीएलएस (संवाद कूटबद्ध करणारी पद्धत) सर्टिफिकेटवरून. सेंड कनेक्टरवर टीएलएससर्टिफिकेटनेम हे मूल्य असते. त्यात थंबप्रिंट (सर्टिफिकेटचा ओळखक्रमांक) नसतो, तर सर्टिफिकेट देणाऱ्याचे आणि घेणाऱ्याचे नाव एका ओळीत जोडलेले असते: <आय> नंतर इश्युअर, <एस> नंतर सब्जेक्ट. नूतनीकरणात डोमेन तेच राहते, पण देणाऱ्या संस्थेने मधले सर्टिफिकेट बदललेले असेल तर इश्युअरची ओळ बदलते. नवे सर्टिफिकेट सर्व्हरवर आहे, वेबमेल हिरवे कुलूप दाखवते, आणि सेंड कनेक्टर मात्र अजून जुनेच नाव शोधत बसलेला असतो. जुने संपेपर्यंत काही कळत नाही. मग जुने काढून टाकले की रांगेत ही ओळ दिसते: ४५४ ४.७.५, सेंड कनेक्टरच्या टीएलएससर्टिफिकेटनेममध्ये दिलेले सर्टिफिकेट सापडले नाही.

उपाय चार ओळींचा आहे:

$सर्ट = गेट-एक्सचेंजसर्टिफिकेट -थंबप्रिंट <नवा थंबप्रिंट>
$नाव = "<आय>$($सर्ट.इश्युअर)<एस>$($सर्ट.सब्जेक्ट)"
सेट-सेंडकनेक्टर "आउटबाउंड टू ऑफिस ३६५ - <जीयूआयडी>" -टीएलएससर्टिफिकेटनेम $नाव
सेट-रिसीव्हकनेक्टर "<सर्व्हर>\डिफॉल्ट फ्रंटएंड <सर्व्हर>" -टीएलएससर्टिफिकेटनेम $नाव

शेवटची ओळ प्रत्येक सर्व्हरसाठी वेगळी चालवायची. त्यानंतर ट्रान्सपोर्ट आणि फ्रंटएंड ट्रान्सपोर्ट या दोन्ही सेवा रीस्टार्ट करायच्या. त्याआधी नवे सर्टिफिकेट खाजगी कीसकट सगळ्या सर्व्हरवर गेले आहे ना, ते तपासा. सेंड कनेक्टरला दोन सोर्स सर्व्हर असतील आणि एकावरच सर्टिफिकेट टाकले असेल, तर काही मेल लगेच जातात आणि काही रांगेत अडकतात. अशा तक्रारीत माणसे दिवसभर इंटरनेट लाइनला दोष देतात. रांगा सर्व्हरवार पाहिल्या की पाच मिनिटांत उलगडा होतो.

सर्टिफिकेटला एसएमटीपी (मेल पाठवण्याची) सेवा जोडताना शेल विचारते, सध्याचे डिफॉल्ट एसएमटीपी सर्टिफिकेट बदलायचे का? उत्तर 'नाही' द्या. ते स्वतः सही केलेले सर्टिफिकेट एक्सचेंज सर्व्हरांच्या आपसातल्या बोलण्यासाठी आहे, त्याला हात लावायचे कारण नाही.

इश्युअर आणि सब्जेक्ट दोन्ही जसेच्या तसे राहिले तर उलटी अडचण येते. जुने काढायला गेलात की शेल अडवते: हे सेंड कनेक्टरला जोडलेले आहे. दोन्हींचे नाव एकच असल्याने त्याला फरक कळत नाही. अशा वेळी नव्याचा थंबप्रिंट नीट ताडून पाहा आणि जुने मशीनच्या सर्टिफिकेट स्टोअरमधून काढा.

आता क्लाउडची बाजू. गेट-इनबाउंडकनेक्टर चालवून टीएलएससेंडरसर्टिफिकेटनेम वाचा. पूर्वी वाइल्डकार्ड (डोमेनखालच्या सगळ्या नावांना चालणारे) सर्टिफिकेट होते आणि आता खर्च वाचवायला एकाच नावाचे घेतले, तर इथे जुनेच नाव राहून जाते. नव्या सर्टिफिकेटवर जे नाव आहे ते इथे जुळलेच पाहिजे. त्याच कनेक्टरवर क्लाउडसर्व्हिसेसमेलएनेबल्ड 'ट्रू' आहे का तेही पाहा. ते 'फॉल्स' असेल तर सर्टिफिकेट जुळूनही अंतर्गत हेडर गाळली जातात.

हा त्रास यापुढे वाढणार आहे, कारण सर्टिफिकेटची मुदतच आखडते आहे. आधी ती जास्तीत जास्त ३९८ दिवस होती. १५ मार्च २०२६ पासून दिलेल्या सर्टिफिकेटची मर्यादा २०० दिवस आहे, १५ मार्च २०२७ पासून ती १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस होईल. साखर कारखान्याने हंगाम आटोपल्यावर ३० एप्रिलला २०० दिवसांचे सर्टिफिकेट घेतले, तर ते १६ नोव्हेंबरला संपते, म्हणजे ऐन गळिताच्या धामधुमीत. म्हणून नूतनीकरणाची तारीख सप्टेंबरमध्येच ओढून घ्या आणि वरच्या चार ओळींची स्क्रिप्ट करून ठेवा.

फायरवॉल आणि दुसरी लाइन

सर्टिफिकेट जुळते आहे, तरी ॲनॉनिमस? मग मधे कुणीतरी टीएलएस फोडते आहे. कारखान्याच्या एक्सचेंज आणि क्लाउडच्या मध्ये एसएमटीपी उघडून तपासणारे कोणतेही उपकरण चालत नाही. ना स्पॅम गाळणारी पेटी, ना फायरवॉलची मेल तपासणी. मधे चालतो तो फक्त एक्सचेंजचाच एज ट्रान्सपोर्ट सर्व्हर. बाहेरच्या मशीनवरून पोर्ट २५ ला टेलनेट करा, ईएचएलओ द्या. उत्तरात '२५०-स्टार्टटीएलएस' दिसले पाहिजे. त्या जागी फुल्या किंवा चांदण्या आल्या तर फायरवॉलची एसएमटीपी तपासणी चालू आहे, ती बंद करा.

लाइनचा प्रश्न आपल्याकडे खास. दोन पुरवठादारांच्या लाइन घेतलेल्या असतात आणि पावसाळ्यात पहिली गेली की दुसरी आपोआप चढते. बाहेर जाणारा मेल त्यामुळे जातो, पण पोर्ट २५ आणि ४४३ चे नॅट (बाहेरचा पत्ता आतल्या सर्व्हरला जोडणारा नियम) पहिल्याच आयपीवर बांधलेले असते. क्लाउडचा मेल आत येत नाही आणि दोष हायब्रिडवर जातो. दुसऱ्या लाइनचा आयपी स्थिर आहे का, त्यावर २५ उघडा आहे का, त्याच्यासाठी डीएनएस नोंद आणि नॅटचा नियम आहे का, हे लाइन चालू असतानाच तपासून ठेवा. एसपीएफ नोंदीत (डोमेनच्या नावाने कोण मेल पाठवू शकते त्या यादीत) दोन्ही आयपी हवेत.

मेल जातात पण झटके देत, थांबून थांबून, आणि नोंदीत ४५० ४.७.२३० दिसते? मग सर्व्हरची आवृत्ती जुनी झाल्यामुळे क्लाउड मुद्दाम वेग कमी करतो आहे. यावर कोणताही रीसेट चालणार नाही. एक्सचेंज २०१६ आणि २०१९ चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढची आवृत्ती सबस्क्रिप्शन एडिशन, ती १ जुलै २०२५ ला आली. तिच्यावर जाणे हाच उपाय.

कॅलेंडरच्या तिरक्या रेघा

दिशा विचारा. क्लाउडच्या माणसाला कारखान्यातल्यांची वेळ दिसत नाही, की कारखान्यातल्यांना क्लाउडची? पहिल्या बाबतीत दोष बहुधा तुमच्या दाराशी असतो: ईडब्ल्यूएस (एक्सचेंजची वेब सेवा) आणि ऑटोडिस्कव्हर (मेलबॉक्स कुठे आहे ते सांगणारी सेवा) यांचे पत्ते बाहेरून उघडत नाहीत, किंवा फायरवॉल आधीच पासवर्ड मागते. या दोन पत्त्यांवर फायरवॉलने ओळख तपासता कामा नये. ईडब्ल्यूएस व्हर्च्युअल डिरेक्टरीवर ओऑथ आणि डब्ल्यूएससिक्युरिटी दोन्ही 'ट्रू' हवेत.

दुसरी दिशा अडली असेल तर २०२५ सालचा बदल आठवा. पूर्वी कारखान्याचे सर्व्हर क्लाउडशी बोलताना ऑफिस ३६५ एक्सचेंज ऑनलाइन या सगळ्यांच्या सामायिक ओळखीवर जात. त्यात धोका होता: कारखान्याच्या सर्व्हरवर ताबा मिळवलेला माणूस त्याच वाटेने क्लाउडमध्ये आपले अधिकार वाढवू शकत असे. सीव्हीई-२०२५-५३७८६ या क्रमांकाने तो ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर झाला, आणि ऑक्टोबर २०२५ संपल्यावर मायक्रोसॉफ्टने सामायिक ओळखीवरची ईडब्ल्यूएस वाहतूक कायमची बंद केली. आता प्रत्येक संस्थेचे स्वतंत्र हायब्रिड ॲप लागते. कॅलेंडरची वेळ, मेलटिप्स (मेल पाठवण्याआधी दिसणाऱ्या सूचना) आणि प्रोफाइल फोटो या तीन गोष्टी त्यावर अवलंबून आहेत. तिन्ही एकदम गेल्या असतील तर कारण जवळपास निश्चित हेच.

सर्व्हरवर एप्रिल २०२५ चा हॉटफिक्स किंवा त्यानंतरचा अपडेट हवा. कॉन्फिगरएक्सचेंजहायब्रिडॲप्लिकेशन ही मायक्रोसॉफ्टची स्क्रिप्ट ॲप तयार करते. त्यानंतर 'एनेबलएक्सचेंजहायब्रिड३पीॲपफीचर' या नावाचा सेटिंग ओव्हरराइड चालू आहे का ते गेट-सेटिंगओव्हरराइडने पाहा. ॲप आहे पण ओव्हरराइड नाही, ही अर्धवट अवस्था सहज नजरेतून सुटते. शेवटी तीच स्क्रिप्ट रीसेटफर्स्टपार्टीसर्व्हिसप्रिन्सिपलकीक्रेडेन्शियल्स हा पर्याय देऊन चालवा, म्हणजे सामायिक ओळखीवर पूर्वी चढवलेली तुमची सर्टिफिकेट निघून जातात. ही पायरी टाळू नका. मूळ धोका तिथेच आहे. विझार्ड पुन्हा फिरवला की ही सफाईही पुन्हा तपासायची.

ओऑथचे स्वतःचे सर्टिफिकेट वेगळे असते: मायक्रोसॉफ्ट एक्सचेंज सर्व्हर ऑथ सर्टिफिकेट. ते स्वतः सही केलेले, पाच वर्षांचे. पाच वर्षांत सर्व्हर बसवणारा माणूस बदललेला असतो, त्यामुळे याची तारीख कुणाच्या डायरीत नसते. गेट-ऑथकॉन्फिगमधला थंबप्रिंट घ्या, त्या सर्टिफिकेटची मुदत पाहा. संपले असेल तर कॅलेंडरच नव्हे, वेबमेल आणि ॲडमिन सेंटरसुद्धा उघडत नाही. नवे लावल्यावर ते क्लाउडकडेही पोचवावे लागते, इथेच काम अर्धे राहते.

तपासणी:

टेस्ट-ओऑथकनेक्टिव्हिटी -सर्व्हिस ईडब्ल्यूएस -टार्गेटयूआरआय <आउटलुक.ऑफिस३६५.कॉमचा ईडब्ल्यूएस पत्ता> -मेलबॉक्स <कारखान्यातला मेलबॉक्स> -व्हर्बोज

सर्व्हरचे घड्याळ पाच मिनिटांहून जास्त सरकलेले असेल तरी टोकन नाकारले जाते. यूपीएस संपून सर्व्हर दणकन बंद पडल्यानंतर सुरू झालेल्या तक्रारीत आधी घड्याळ बघा.

मेलबॉक्स हलत नाही

यात फारसे काही नाही. विझार्डच्या शेवटी एचसीडब्ल्यू ८०७८ आले तर मायग्रेशन एंडपॉइंट तयार झाला नाही. ईडब्ल्यूएस डिरेक्टरीवर एमआरएसप्रॉक्सीएनेबल्ड चालू करा आणि क्लाउडमधून टेस्ट-मायग्रेशनसर्व्हरअव्हेलेबिलिटी चालवा. हायब्रिड एजंट (फायरवॉलमध्ये बाहेरून दार न उघडता सर्व्हर क्लाउडला जोडणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर एक्स्टेंडेड प्रोटेक्शन हे सुरक्षा-सेटिंग पाहा. एक्सचेंज २०१९ च्या सीयू१४ या अपडेटपासून ते बसवतानाच आपोआप चालू होते, आणि एजंटमधून प्रसिद्ध केलेल्या सर्व्हरच्या ईडब्ल्यूएसवर ते चालत नाही.

पूर्ण रीसेट: केव्हा आणि कोणत्या क्रमाने

खरी गरज तीनच प्रसंगी पडते. बंद केलेल्या सर्व्हरची नावे नोंदीत अडकली आहेत आणि विझार्ड त्यांनाच शोधत थांबतो. एजंटवरून थेट पद्धतीवर किंवा उलट जायचे आहे. किंवा दोन-तीन जणांनी हाताने केलेल्या बदलांत काय कुणाचे ते उरलेले नाही. कृष्णेच्या २०१९ किंवा २०२१ च्या पुरानंतर ज्यांनी सर्व्हर वरच्या मजल्यावर नव्या नावाने उभा केला असेल, त्यांनी पहिला प्रसंग जरूर तपासावा. गेट-हायब्रिडकॉन्फिगरेशनमध्ये सेंडिंग आणि रिसीव्हिंग ट्रान्सपोर्ट सर्व्हरची नावे वाचा, पाण्यात गेलेला सर्व्हर तिथे अजून हजेरी लावत असेल. फक्त एवढेच असेल तर सेट-हायब्रिडकॉन्फिगरेशनने यादी सुधारून भागते.

सुट्टीचा दिवस निवडा, गळीत चालू असताना नको. चालू मायग्रेशन बॅच पूर्ण करा किंवा काढा, बॅच असताना एंडपॉइंट पुसता येत नाही. मग दोन्हीकडची प्रत काढा: हायब्रिड कॉन्फिगरेशन, सगळे कनेक्टर, ऑर्गनायझेशन रिलेशनशिप, इंट्राऑर्गनायझेशन कनेक्टर, स्वीकृत डोमेन, रिमोट डोमेन, ईमेल ॲड्रेस पॉलिसी, ऑथकॉन्फिग. प्रत्येक गेट-आज्ञा एक्स्पोर्ट-सीएलआयएक्सएमएलला जोडा. ॲडमिन सेंटरचे स्क्रीनशॉट पुरत नाहीत, महत्त्वाची मूल्ये तिथे दिसतच नाहीत.

क्रम असा ठेवा:

१. दोन्हीकडचे इंट्राऑर्गनायझेशन कनेक्टर आणि ऑर्गनायझेशन रिलेशनशिप काढा. यात फक्त कॅलेंडर थांबते, मेल चालू राहतो.

२. रिमूव्ह-हायब्रिडकॉन्फिगरेशन. डोमेन कंट्रोलर (ॲक्टिव्ह डिरेक्टरी सांभाळणारे सर्व्हर) दोन जागी असतील, समजा सांगली आणि पलूसला, तर रेप्लिकेशन, म्हणजे दोन्हीकडच्या नोंदी सारख्या होणे, पूर्ण होऊ द्या. घाई केली तर विझार्डला दुसऱ्या कंट्रोलरवर जुनी नोंद सापडते.

३. इकडचा 'आउटबाउंड टू ऑफिस ३६५' सेंड कनेक्टर काढा. तो नसताना मेल साध्या इंटरनेट कनेक्टरने क्लाउडला जातो. पोचतो, पण ॲनॉनिमस म्हणून. म्हणून हा टप्पा तासाभरात संपवा.

४. क्लाउडचे कनेक्टर अगदी शेवटी, आणि तेही खरेच बिघडलेले असतील तरच. एमएक्स (डोमेनचा मेल कुठे द्यायचा ती डीएनएस नोंद) क्लाउडकडे असेल आणि डोमेन 'इंटर्नल रिले' (इथे न सापडलेला पत्ता पुढे पाठवणारे) असेल, तर आउटबाउंड कनेक्टर नसताना क्लाउड कारखान्यातल्या मेलबॉक्सचा मेल एमएक्स बघून स्वतःकडेच पाठवतो, आणि फेऱ्या मारून तो ५.४.१४ घेऊन परत जातो. विझार्ड जुना कनेक्टर असला तरी त्याची मूल्ये बदलून घेतो, त्यामुळे बहुतेक वेळा तो न काढलेलाच बरा.

५. लगेच विझार्ड. दरवेळी ताजा उतरवून घ्या, वर्षभरापूर्वीची प्रत वापरू नका.

विझार्ड अडला तर एफ१२ दाबा, दोन्ही बाजूंची शेल आणि लॉग उघडण्याची बटणे मिळतात. लॉग ॲपडेटा फोल्डरात मायक्रोसॉफ्टखाली 'एक्सचेंज हायब्रिड कॉन्फिगरेशन' या नावाने असतात. शेवटची लाल ओळ वाचून थांबू नका, तिच्या वर जी आज्ञा पहिल्यांदा फसली ती शोधा. हाताने बदललेले कनेक्टर जपायचे असतील तर विझार्डमध्ये हवे तेवढेच भाग निवडता येतात, तो पर्याय वापरा. एचसीडब्ल्यू ८०६४ आले तर बाकी सगळे झाले आहे, फक्त ओऑथ राहिले आहे. पुन्हा पुसापुशी करू नका.

काय अजिबात काढायचे नाही, हे तितक्याच जोराने सांगायला हवे. '<टेनंट>.मेल.ऑनमायक्रोसॉफ्ट.कॉम' हे स्वीकृत डोमेन आणि त्यावरचे पत्ते (टेनंट म्हणजे मायक्रोसॉफ्ट ३६५ मधले तुमच्या संस्थेचे नाव). क्लाउडमध्ये गेलेल्या प्रत्येक माणसाचा मेल कारखान्याच्या सर्व्हरला त्याच पत्त्याने सापडतो. रिमोट मेलबॉक्स (क्लाउडमधल्या मेलबॉक्सची कारखान्याकडची नोंद) कधीही 'डिसेबल' करू नका. एन्ट्रा कनेक्टचा (कारखान्यातली खाती क्लाउडशी जुळवणाऱ्या साधनाचा) सिंकही या कामाचा भाग नाही, त्याला हात लावू नका.

झाल्यावर चार मेल पाठवून बघा: इकडून तिकडे, तिकडून इकडे, बाहेरून दोन्हीकडे. अंतर्गत दोन्हींच्या हेडरमध्ये 'इंटर्नल' हवे. क्लाउडकडून येणाऱ्या मेलसाठी फ्रंटएंडच्या रिसीव्ह लॉगमध्ये टीएलएसडोमेनकेपॅबिलिटीजसमोर ॲक्सेप्टक्लाउडसर्व्हिसेसमेल आणि 'सक्सेस' असे हवे. ही ओळ दिसली की त्या दिशेची ओळख पटलेली आहे. कॅलेंडरला मात्र काही तास द्या, क्लाउडमधले बदल लगेच उतरत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक सर्व्हरची रांग वेगळी उघडा, एक रूम बुक करून पाहा, आणि नव्या सर्टिफिकेटची शेवटची तारीख रॅकच्या दारावर लिहून चिकटवा.